गच्चीवरून रोझेट तेजोमेघ, नॅरोबँड फिल्टर लावून

पुण्यातून नेब्युला, म्हणजे तेजोमेघ, दिसतो का असं विचारतात लोक. डोळ्याला नाही दिसत, पण मोनो (कृष्णधवल) कॅमेऱ्यापुढे नॅरोबँड फिल्टर लावला की दिसतो, कारण हा फिल्टर ३ ते ७ नॅनोमीटरची बारीक पट्टीच आत सोडतो आणि रस्त्यावरच्या दिव्यांचा बहुतेक उजेड बाहेरच राहतो. फिल्टर तीन लागतात, हायड्रोजनचा एच-अल्फा (६५६.३), ऑक्सिजनचा ओ-थ्री (५००.७) आणि सल्फरचा एस-टू (साधारण ६७२).

सुरुवात रोझेटपासून करा. मृगातल्या काक्षी ताऱ्याकडून (बीटलज्यूस) प्रश्वा ताऱ्याकडे (प्रोसियन) जाताना एक तृतीयांश अंतराच्या थोडं पुढे, फेब्रुवारीत रात्री दहाच्या सुमारास बराच वर असतो. पसारा पौर्णिमेच्या दोन चंद्रांहून मोठा, त्यामुळे ४०० एमएम फोकल लेंथची छोटी दुर्बीण पुरते, मोठी घेतलीत तर कडा कापल्या जातील.

कॅमेरा उणे १० अंश सेल्सियसला थंड करा, गायडिंग (तारा धरून दुर्बीण अचूक फिरवत ठेवणं) चालू, ३००-३०० सेकंदांचे फोटो. फिल्टर बदलला की फोकस परत बघायचा, आळस करू नका, मी केलाय आणि अख्खी रात्र वाया घालवलीय. फ्लॅट्स (कडांचा अंधार आणि धुळीचे डाग काढायला एकसारख्या उजेडाचे फोटो) प्रत्येक फिल्टरचे वेगळे, डार्क्स (झाकण लावून घेतलेले फोटो) मात्र तिन्हींना तेच चालतात.

आता खरी गोम वेळ वाटण्यात आहे. एच-अल्फा दणकट असतो, दोन तासांत भरपूर मिळतं आणि चांदण्यातही उरकता येतो. ओ-थ्री नाजूक, आणि चंद्राचा विखुरलेला उजेड त्याच्याच पट्टीत जास्त घुसतो, म्हणून अमावस्येच्या आसपासच्या रात्री त्याच्यासाठी राखून ठेवा आणि चार तास तरी द्या, कारण मधला सगळा निळा रंग तिथूनच येणार आहे. एस-टूलाही तेवढेच तास, पण त्याला थोडं चांदणं चालतं.

सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये तिन्ही वेगवेगळे स्टॅक करा (म्हणजे एकावर एक रचून एक फोटो करा) आणि एस-टू लाल, एच-अल्फा हिरवा, ओ-थ्री निळा असे जोडा, हबल दुर्बिणीची प्रसिद्ध रंगसंगती ती हीच. माझा पहिला फोटो पुदिन्याच्या चटणीसारखा आला होता, कारण एच-अल्फा बाकी दोघांना गिळून टाकतो! म्हणून जोडायच्या आधी प्रत्येकाला वेगळं स्ट्रेच करून (अंधुक भाग उजळवून) एका पातळीवर आणा, मग उरलेला हिरवा कमी करा, सोनेरी आणि निळा आपोआप वर येतात. तारे जांभळट दिसले तर घाबरू नका, साध्या आरजीबी (लाल-हिरवा-निळा) फिल्टरने अर्धा तास ताऱ्यांचे वेगळे फोटो घ्या आणि ते वर बसवा.