घरगुती व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरसाठी ट्रान्सफॉर्मर कसे निवडावेत

व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळीचा) ॲम्प्लिफायर घरी बांधणारे बहुतेक जण आधी व्हॉल्व्ह विकत घेतात आणि ट्रान्सफॉर्मरचा विचार शेवटी, उरलेल्या पैशांत करतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. व्हॉल्व्ह दहा मिनिटांत बदलता येतो; आऊटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र आवाजाचा खालचा आणि वरचा असे दोन्ही काठ ठरवतो, आणि त्याची उणीव पुढे कोणत्याही महागड्या कपॅसिटरने भरून निघत नाही. सांगली-मिरज भागातल्या हौशी माणसाची एक मोठी सोय अशी की, येथे पंपाच्या मोटारी भरून देणारे कुशल कारागीर गावोगावी आहेत आणि नेमकी माहिती दिली तर ते ट्रान्सफॉर्मरही उत्तम गुंडाळून देतात. ती नेमकी माहिती कशी तयार करावी, हे पुढे क्रमाने मांडले आहे. उदाहरणासाठी ईएल८४ हा सहज मिळणारा व्हॉल्व्ह, प्रत्येक चॅनेलला एक याप्रमाणे, धरला आहे.

पहिली पायरी : लोड ठरवा

व्हॉल्व्हला काही हजार ओहमचा लोड (जोडलेला भार) हवा असतो आणि स्पीकर असतो ४ किंवा ८ ओहमचा. या दोघांची गाठ आऊटपुट ट्रान्सफॉर्मर घालून देतो. ईएल८४च्या माहितीपत्रकात २५० व्होल्टला ४८ मिलिअँपिअर प्रवाह आणि ५,२०० ओहम लोड दिलेला आहे व त्यातून साडेपाच वॉटच्या आसपास शक्ती मिळते. ५,२०० ला ८ ने भागल्यास ६५० येतात. त्याचे वर्गमूळ साधारण साडेपंचवीस, आणि तेच प्रायमरी (व्हॉल्व्हकडची गुंडाळी) व सेकंडरी (स्पीकरकडची गुंडाळी) यांच्या वेढ्यांचे गुणोत्तर होय. याच ट्रान्सफॉर्मरच्या ८ ओहमच्या टोकांना ४ ओहमचा स्पीकर जोडला, तर व्हॉल्व्हला २,६०० ओहमच दिसतात, शक्ती घटते आणि आवाजाचा पोत बदलतो. म्हणून स्पीकर आधी निश्चित करावा. एका वॉटला एक मीटरवर ९० डेसिबल देणारा स्पीकर असेल, तर चार वॉटला ९६ डेसिबल मिळतात आणि घरातल्या खोलीला ते पुरेसे आहे.

दुसरी पायरी : खालचे सूर आणि गाभा

येथे घाई करू नये, कारण बहुतेक चुका इथेच होतात. खालच्या सुरांची मर्यादा प्रायमरीच्या इंडक्टन्सवर (प्रवाहातील बदलाला गुंडाळी करते त्या विरोधावर; तो हेन्रीत मोजतात) अवलंबून असते. ईएल८४ पेंटोड (पाच इलेक्ट्रोडचा व्हॉल्व्ह) म्हणून वापरल्यास १० हेन्रीच्या प्रायमरीवर आवाज ७५ ते ८० हर्ट्झच्या आसपासच तीन डेसिबलने उतरलेला असतो. २० हेन्री असतील तर ही मर्यादा ४० हर्ट्झपर्यंत खाली जाते. काळी एक पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे जुन्या रेडिओतून काढलेला लहानसा ट्रान्सफॉर्मर खर्ज का गिळतो, ते कळते. मी स्वतः २० हेन्रीच्या खाली जात नाही.

इंडक्टन्सइतकाच गाभ्याचा, म्हणजे गुंडाळीच्या आतील लोखंडी पट्ट्यांच्या चळतीचा, आकारही महत्त्वाचा आहे. व्होल्टेज तेच ठेवून फ्रिक्वेन्सी निम्मी केली की गाभ्यातला चुंबकीय प्रवाह दुप्पट होतो, आणि म्हणूनच जो गाभा १०० हर्ट्झला चार वॉट निर्मळपणे देतो, तो ५० हर्ट्झला एकच वॉट देऊ शकतो. विक्रेत्याने नुसते ‘पाच वॉट’ सांगितले, तर ते किती हर्ट्झला, हे आवर्जून विचारावे. त्याचे उत्तर मिळत नसेल तर तो ट्रान्सफॉर्मर घेऊ नये.

एकाच व्हॉल्व्हच्या रचनेत ४८ मिलिअँपिअरचा डी.सी. प्रवाह सतत प्रायमरीतून वाहतो आणि गाभ्याला एका बाजूने चुंबकित करतो. गाभा संपृक्त होऊ नये (चुंबकित होण्याची त्याची मर्यादा संपू नये) यासाठी त्यात बारीक फट ठेवावी लागते. पुश-पुल रचनेत (दोन व्हॉल्व्ह जोडीने, उलटसुलट काम करतात ती) दोघांचे डी.सी. प्रवाह गाभ्यातला एकमेकांचा परिणाम खोडून काढतात, त्यामुळे फट लागत नाही आणि लहान गाभ्यातही भरपूर इंडक्टन्स मिळतो. मात्र तो ट्रान्सफॉर्मर एका व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला चालत नाही.

या फटीबाबत माझा एक अनुभव सांगणे आवश्यक वाटते. पहिला ट्रान्सफॉर्मर मी मोटारी भरणाऱ्या एका कारागिराकडून करून घेतला. वेढे अचूक होते, काम देखणे होते, पण तबल्याच्या डग्ग्याचा आवाज चिखलात पडल्यासारखा येई. गाभा उघडल्यावर दिसले की, मेन्स (वीजपुरवठ्याच्या) ट्रान्सफॉर्मरच्या रिवाजाप्रमाणे ‘ई’ आणि ‘आय’ आकाराच्या पट्ट्या एकाआड एक उलटसुलट बसवल्या होत्या, म्हणजे फट उरलीच नव्हती. चूक त्याची नव्हती. मी सांगितलेच नव्हते. तेव्हापासून मी चिठ्ठीवर ठळक लिहून देतो : सर्व ‘ई’ एका बाजूला, सर्व ‘आय’ दुसऱ्या बाजूला आणि मध्ये इन्सुलेशनचा कागद. स्टॅम्पिंग (गाभ्याच्या पट्ट्या) नवे, सीआरजीओ प्रतीचेच (ट्रान्सफॉर्मरसाठीच्या खास सिलिकॉन पोलादाचेच) मागावे.

तिसरी पायरी : वरचे सूर आणि गुंडाळणी

प्रायमरी पूर्ण गुंडाळून तिच्यावर सेकंडरी चढवली, तर दोघींची चुंबकीय जवळीक कमी राहते. या गळतीमुळे वरचे सूर मंद होतात. उपाय म्हणजे दोन्हींचे भाग करून ते थरांनी एकमेकांत गुंफणे. पाच वॉटच्या ट्रान्सफॉर्मरसाठी प्रायमरीचे तीन आणि सेकंडरीचे दोन भाग, प्रायमरीपासून सुरू करून आलटून पालटून, एवढी गुंफण मला योग्य वाटते. भाग फार वाढवले तर थरांमधील कपॅसिटन्स वाढून दुसऱ्या बाजूने तोटा होतो. प्रत्येक थराला कागद आणि शेवटी वार्निश हवेच.

चौथी पायरी : मेन्स ट्रान्सफॉर्मर

येथे आपल्या भागाचा वीजपुरवठा लक्षात घ्यावा लागतो. उसाच्या पट्ट्यात शेतीपंप सुरू असताना व्होल्टेज पडते आणि ते बंद झाल्यावर चढते, म्हणून आठवडाभर वेगवेगळ्या वेळी मीटरने मोजून नोंद ठेवावी. २२० व्होल्टसाठी गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरला २५० व्होल्ट मिळाले, तर व्हॉल्व्हला आतून तापवणाऱ्या ६.३ व्होल्टच्या हीटरला ७.१६ व्होल्ट जातात आणि दहा टक्क्यांची सवलत ओलांडली जाते. २३० व्होल्टच्या गुंडाळणीत तोच आकडा ६.८५ राहतो. २३० आणि २४० अशी दोन टोके काढून घेणे सर्वांत बरे. परदेशातून आलेला केवळ ६० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर त्याच्या पूर्ण व्होल्टेजवर आपल्या ५० हर्ट्झला चालवल्यास त्यातील चुंबकीय प्रवाह वीस टक्क्यांनी वाढतो व तो तापतो, गुणगुणतो.

दोन चॅनेलसाठी दोन ईएल८४ व एक ईसीसी८३ (सुरुवातीचा संकेत वाढवणारा छोटा व्हॉल्व्ह) मिळून हीटरला १.८२ अँपिअर लागतात, तेव्हा वाइंडिंग तीन अँपिअरचे घ्यावे. प्लेट पुरवठ्याचा (व्हॉल्व्हच्या उच्च व्होल्टेजच्या पुरवठ्याचा) डी.सी. प्रवाह ११० मिलिअँपिअरच्या आसपास जातो. ब्रिज रेक्टिफायर (ए.सी.चा डी.सी. करणारा) आणि कपॅसिटर वापरल्यास त्या पुरवठ्याच्या वाइंडिंगची क्षमता त्याच्या पावणेदोन पट तरी ठेवावी.

पाचवी पायरी : तपासणी आणि मांडणी

ट्रान्सफॉर्मर हाती आल्यावर लहान ॲडॉप्टर ट्रान्सफॉर्मरचे १२ व्होल्ट ए.सी. प्रायमरीला द्यावेत, सेकंडरीवर ०.४७ व्होल्टच्या जवळपास मिळाले तर गुणोत्तर बरोबर आहे. हेच व्होल्टेज चुकूनही सेकंडरीला देऊ नये, कारण प्रायमरीवर तीनशे व्होल्ट उभे राहतात. तसेच स्पीकर न जोडता ॲम्प्लिफायर कधीही चालवू नये आणि आत हात घालण्यापूर्वी कपॅसिटर रिकामे झाल्याची मीटरने खात्री करावी.

पत्र्याला भोके पाडण्याआधी आऊटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला हेडफोन जोडावेत, फक्त मेन्स ट्रान्सफॉर्मर चालू करावा आणि आऊटपुट ट्रान्सफॉर्मर हळूहळू फिरवत गुणगुण जेथे सर्वांत कमी होईल ती जागा खुणेने पक्की करावी. बहुधा दोन्ही गाभे काटकोनात येतात.

शेवटची पारख तंबोऱ्याने करावी. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तेथील एखाद्या दुकानात खरा तंबोरा ऐकून मग घरी ध्वनिमुद्रण लावले, तर कानाला निश्चित माप मिळते. जवारी (तारांचा झणकार) बोथट वाटली तर गुंफण अपुरी आहे. खर्ज हलक्या आवाजातही पातळ असेल तर इंडक्टन्स कमी आहे, तेव्हा फटीतला कागद थोडा पातळ करून पाहावा. हलक्या आवाजात खर्ज भरीव आणि मोठ्या आवाजात फाटका येत असेल, तर कागद किंचित जाड करावा. कागद जाड केल्यावर खर्ज पातळ होतो आणि पातळ केल्यावर फाटतो, अशी अवस्था आली, तर तो गाभाच लहान आहे. त्याच्यावर आणखी वेळ न घालवता पुढच्या मापाचे स्टॅम्पिंग आणून ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळून घ्यावा.