डब्यावरचा चिकटा
धनत्रयोदशीला स्टीलचा डबा आणला की मला स्टिकर सोलायची घाई. नखाने ओरबाडलं की कागद निघतो, चिकटा तिथेच. आई डबा गॅसवर धरायची, पण त्याने स्टील निळसर पडतं. मी आत कडकडीत पाणी भरते. पाच मिनिटांत गोंद सैलावतो, मग स्टिकर कोपऱ्यातून हळूहळू ओढायचं. उरलेल्या चिकट्यावर खोबरेल चोळून पंधरा मिनिटं विसरून जायचं. नंतर वर खायचा सोडा टाकून बोटानेच घासायचं, गुठळ्या होऊन सुटतो. शेवटी भांड्यांचा साबण. तारेची घासणी नको, चरे पडतात. आणि प्लास्टिकला नेलपॉलिश रिमूव्हर मुळीच लावू नका. माझं एक झाकण कायमचं पांढुरकं झालंय.