ग्रिडवाले टॅक्टिक्स गेम जमवायचेत? कव्हर नंतर, सेव्ह आधी बघा

फायर एम्ब्लेम, टॅक्टिक्स ओग्र, फायनल फॅन्टसी टॅक्टिक्स, शायनिंग फोर्स असले घरांच्या पटावर टर्न-टर्नने खेळायचे गेम ओरिजिनल कार्ट्रिज-डिस्कमध्ये जमवायचे असतील तर एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, बॉक्स किती चकाचक आहे ते नंतर, सेव्ह टिकतंय का ते आधी. रेसिंग गेमचं सेव्ह गेलं तर थोडी चिडचिड होते आणि विषय संपतो, पण इथे एकेक गेम चाळीस-पन्नास तास खातो, कुणाला कुठला क्लास, म्हणजे योद्धा की जादूगार असली भूमिका दिली, कोण कुठल्या लढाईत मेलं, सगळं त्या सेव्हमध्ये असतं. सेव्ह न धरणारं कार्ट्रिज माझ्या मते कलेक्शनमध्ये धरूच नये.

सुरुवात करायची तर निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा डीएस लाइट घ्या. त्यात डीएसचे गेम चालतात आणि खालच्या मोठ्या स्लॉटमध्ये गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचेही (जीबीए), आणि या प्रकारातला निम्मा खजिना तिथेच आहे. अ‍ॅडव्हान्स वॉर्स (२००१), फायनल फॅन्टसी टॅक्टिक्स अ‍ॅडव्हान्स (२००३), आणि जपानबाहेर आलेला पहिला फायर एम्ब्लेम, तोही २००३ चाच. मालिका खरं तर १९९० पासूनची, पण त्याआधीचे सगळे भाग जपानीत अडकलेले. डीएसआय घेऊ नका, त्यात तो मोठा स्लॉटच नाही. घेताना बिजागरी नीट बघा, डीएस लाइटची तिथेच तडकते. डीएस लाइटवर डीएस आणि जीबीएच्या कार्ट्रिजना रीजन लॉक नाही, म्हणजे जपानी, अमेरिकन काहीही घाला, चालतं. फक्त जपानी घेताना विचार करा, हे गेम म्हणजे संवादच संवाद, वाचता येत नसेल तर अर्धी मजा गेली.

आता डुप्लिकेटचं बघू, कारण जीबीएच्या फायर एम्ब्लेमचे नकली माल चिक्कार फिरतात आणि ओळखायला दोन मिनिटं पुरतात. कार्ट्रिज हातात घ्या, उजेडाकडे तिरकं धरा. ओरिजिनलच्या लेबलवर दोन आकड्यांचा एक पुसट शिक्का दाबलेला असतो, कधी पुढे एखादं अक्षर, शाई नाही नुसता दाब, तिरक्या उजेडातच दिसतो. मग खालच्या फटीतून आत बघा, सोनेरी पिनांच्या वर बोर्डावर निन्टेंडो छापलेलं दिसायला पाहिजे. मागचा स्क्रू तीन पात्यांचा असतो, साधा फुलीवाला दिसला की ठेवून द्या. लेबलवरचा कोडही जुळवा, अमेरिकन पहिल्या फायर एम्ब्लेमवर एजीबी-एई७ई-यूएसए असतं. यातली एकच खूण बघून पैसे काढू नका, लेबल कॉपी करणारे हुशार असतात, आतला बोर्ड कॉपी करायचा मात्र कंटाळा करतात. आणि शेवटी सेव्ह करून, बंद करून, कार्ट्रिज काढून परत घाला. नकलीत सेव्ह सुरुवातीला होतं आणि काही दिवसांनी उडतं, म्हणून विकणाऱ्याला सांगा की आज सेव्ह करून ठेव, मी पुढच्या आठवड्यात येऊन बघतो. खरा माल असेल तर तो थांबतो.

माल ओरिजिनल असला तरी बॅटरी म्हातारी झालेली असू शकते. सुपर फॅमिकॉमच्या (निन्टेंडोचा नव्वदीतला टीव्हीला लावायचा कन्सोल) कार्ट्रिजमध्ये बहुतेक वेळा सीआर २०३२ सेल असतो, जीबीएच्या बऱ्याच कार्ट्रिजमध्ये सीआर १६१६. काही जीबीए गेम फ्लॅश मेमरीत सेव्ह करतात, त्यांना सेव्हसाठी सेल लागतच नाही, डीएसलाही नाही. सेल नवा असताना ३ व्होल्टचा असतो, मल्टिमीटरवर अडीचच्या आसपास दिसला की बदलून टाका. पण सेल काढला की सेव्ह जातं, तेव्हा आधी यूएसबीचा कार्ट्रिज रीडर लावून सेव्ह कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. नाशिकच्या एमजी रोडला मोबाइल रिपेअर करणारे सोल्डरिंग हसत करून देतात, फक्त पट्ट्या आधीच वेल्ड केलेला सेल तुम्ही सोबत न्या आणि साध्या सेलवर डायरेक्ट सोल्डरिंग आयर्न टेकवू देऊ नका, गरम होऊन फुटतो.

डिस्कवाल्यांचं गणित वेगळं. फायनल फॅन्टसी टॅक्टिक्स १९९७ चा, प्लेस्टेशन १ चा, त्याचं सेव्ह मेमरी कार्डवर. पीएस२ वर ही डिस्क चालते, पण सेव्हला पीएस१ चंच कार्ड लागतं, पीएस२ च्या कार्डवर गेम थेट सेव्ह करत नाही. हे माहीत नसल्यामुळे लोक रात्री उशिरापर्यंत खेळून मग डोकं धरून बसतात. निन्टेंडोच्या गेमक्यूबचा पाथ ऑफ रेडियन्स (२००५) आणि त्यानंतरच्या वी (Wii) कन्सोलचा रेडियंट डॉन (२००७) ही फायर एम्ब्लेमची जोडी तर मुद्दाम शोधा, पहिला संपवलेलं सेव्ह दुसऱ्यात नेता येतं आणि आपण वाढवलेली माणसं थोडी तगडी होऊन पुढच्या कथेत येतात. त्यासाठी वी जुनाच हवा, वरच्या बाजूला गेमक्यूबच्या कार्डचे स्लॉट असलेला, नंतरच्या मॉडेलमधून ते काढले. गेमक्यूबच्या डिस्कसोबत कुणी भरलेलं मेमरी कार्ड देत असेल तर फॉरमॅट मारू नका, आधी आत काय आहे ते बघा.

डीएसनंतरच्या थ्रीडीएसला रीजन लॉक आहे, गेम आणि कन्सोल एकाच रीजनचे घ्या. फायर एम्ब्लेम फेट्सचे दोन भाग वेगवेगळ्या कार्ट्रिजमध्ये आले, कथेचा तिसरा रस्ता मात्र डाउनलोड करूनच विकत घ्यायचा होता, आणि मार्च २०२३ मध्ये थ्रीडीएसच्या ई-शॉपवरची खरेदी बंद झाली. आता तिन्ही रस्ते एकत्र हवेत तर स्पेशल एडिशनचं कार्ट्रिज, म्हणून त्याचे भाव असे चढलेले. १९९० च्या पहिल्या भागाचं इंग्रजी भाषांतर स्विचवर डिसेंबर २०२० मध्ये आलं आणि ३१ मार्च २०२१ ला विक्रीतून काढलं. मला हे अजून खटकतं, इतका महत्त्वाचा गेम चार महिन्यांत गायब. म्हणून स्विचवर जे कार्ट्रिजमध्ये मिळतंय, थ्री हाउसेस, ट्रँगल स्ट्रॅटेजी, टॅक्टिक्स ओग्र रिबॉर्न, ते कार्ट्रिजमध्येच घ्या.

बाहेरून मागवताना कस्टम ड्यूटी आणि कुरिअरवाल्याची फी धरूनच हिशोब करा, नाहीतर स्वस्तातला गेम दारात येईपर्यंत महाग होतो. हातात घेऊन बघायचं असेल तर नाशिकहून सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडा, मुंबईत दादरला उतरून वेस्टर्नने ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोड चालत. जुने गेम मिळतीलच असं नाही, आधी फोन करून जा, पण डीएस लाइट चार्ज करून बॅगेत टाका, काउंटरवरच लावून बघता येतं.

घरी आणल्यावर पिना आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या कानकाडीने पुसा, फुंकर मारू नका, थुंकीने गंज चढतो. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये घरात कपडे वाळत नाहीत तेव्हा मॅन्युअलच्या कागदाला बुरशी लागायला कितीसा वेळ लागणार, तर सगळं झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलसकट ठेवा. कपाटात डांबरगोळ्या असतील तर तिथे मुळीच नको, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं. सोनीचा हातातला पीएसपी असेल तर बॅटरी काढून वेगळी ठेवा, त्या फुगतात, आणि मे महिन्यात स्लॅबखालच्या माळ्यावर तर ठेवूच नका. दर दिवाळीच्या साफसफाईत डबा उघडाल तेव्हा प्रत्येक कार्ट्रिज एकदा लावून सेव्ह लोड होतंय का बघा, आणि सेल कधी बदलला ती तारीख कागदावर लिहून बॉक्समध्ये टाका, लेबलवर नाही.