बदकाची अंडी उचलू नका, शिळं कारळं घालू नका

एप्रिल लागला की अमेरिकेच्या ईशान्य भागात मॅलार्ड बदकं थेट दारापुढच्या झुडपात अंडी घालतात, आणि दरवर्षी तीच चूक होते. पाचोळ्यात सहा अंडी दिसतात, आईचा पत्ता नसतो. संध्याकाळपर्यंत कोणाला तरी राहवत नाही आणि अंडी खोक्यात भरून गॅरेजमध्ये बल्बखाली जातात.

आई सोडून गेलेली नसते. ती रोज साधारण एक अंडं घालते, एकूण आठ ते तेरा, आणि सगळी होत आल्याशिवाय उबवायला बसत नाही. तोवर दिवसाचा बराच वेळ ती पाण्यावर असते. त्यामुळे हाताला गार लागलेलं अंडं मेलेलं नसतं; मरतं ते बल्बखाली. तिथे ना कोणी ते वेळेवर फिरवत, ना ओलावा राखत. शिवाय 1918 च्या स्थलांतरित पक्षी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय अंडी हलवताच येत नाहीत. दुरून बघा, कुत्रा बांधून ठेवा, गवत कापणाऱ्याला ती जागा दाखवून ठेवा. उबवायला 28 दिवस लागतात, तेवढा धीर धराच. पिल्लं निघाली की दिवसाभरात आई त्यांना पाण्याकडे चालवत नेते. घरी पोहण्याचा तलाव असेल तर काठाला खडबडीत फळी तिरकी लावा, नाहीतर पिल्लांना वर चढता येत नाही. पाव घालू नका.

‘दाणे टांगले तरी पिवळाधमक गोल्डफिंच पक्षी येतच नाही’ या तक्रारीमागे बहुतेकदा शिळं बी असतं. अमेरिकेत नायजर म्हणून विकतात ते आपलं चटणीचं कारळंच. चिमूटभर पांढऱ्या कागदावर नखाने चिरडा. तेलाचा डाग पडला नाही तर पिशवी टाकून द्या. पावसाने फीडरच्या, म्हणजे पक्ष्यांसाठी दाणे ठेवायच्या टांगत्या भांड्याच्या, तळाशी गठ्ठा झालेला असताना वरून नवं बी ओतायचा आळशीपणा तर अजिबात नको, कारण खाली बुरशी धरलेली असते. दर दोन आठवड्यांनी फीडर रिकामा करून 1 भाग ब्लीच, 9 भाग पाण्यात 10 मिनिटं बुडवा, भरपूर पाण्याने धुवा आणि खडखडीत वाळवूनच भरा.

हमिंगबर्डला (फुलांतला रस पिणारा चिमुकला पक्षी) 1 वाटी पांढरी साखर, 4 वाट्या पाणी, बस. गूळ, मध, लाल रंग यातलं काही नको. उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी साखरपाणी बदला.

पक्षी काचेवर आपटू नयेत म्हणून फीडर खिडकीपासून 3 फुटांच्या आत टांगा, नाहीतर 30 फुटांपलीकडे.

ओरिओल या नारिंगी-काळ्या पक्ष्यासाठी अर्धं संत्रं मे लागतानाच लावा. जूनमध्ये लावलंत तर तो सहसा फिरकत नाही, पिल्लांना अळ्या भरवण्यात गुंतलेला असतो.