नाताळाची तयारी : सगळ्यात आधी पाणी

सोलापुरातल्या एखाद्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नाताळ समितीवर नाव आले, की नाताळचा तारा, रोषणाई आणि गीतफेरी ही कामे माणसे आपणहून मागून घेतात. त्यांच्यासाठी यादीची फारशी गरज पडत नाही. पाण्याचे काम मात्र कोणी मागत नाही. गेल्या वर्षी ते माझ्याकडे होते आणि प्रीतिभोजनाच्या, म्हणजे सगळ्या मंडळीच्या एकत्र जेवणाच्या, दिवशी सकाळी आचारी भात धुवायला बसला तेव्हा आवारातली टाकी तळाला गेलेली होती, म्हणून ही यादी पाण्यापासून सुरू होते.

आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड पाळी असते, आणि उजनी धरणाच्या जलवाहिनीला गळती लागली किंवा पंपाची वीज गेली की तीही पुढे सरकते. घरी आपण हे धरूनच पिंपे भरून ठेवतो. चर्चच्या आवारात मात्र रविवारी हात धुण्यापुरते पाणी मिळाले की टाकी भरलेलीच आहे असे सगळ्यांना वाटते. म्हणून डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भागात पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला गाठून २५ तारखेच्या आधीची शेवटची पाळी कोणत्या दिवशी आणि किती वाजता आहे हे विचारावे, आणि २३ तारखेला पुन्हा विचारावे. पाळी अपरात्री असेल तर मोटार लावणाऱ्या माणसाचे नाव ठरवावे. ‘कोणीतरी लावेल’ हे नाव नव्हे. टँकरही आधीच सांगून ठेवावा. पाळी वेळेवर आली तर सांगितलेला टँकर रद्द करता येतो, पण न सांगितलेला टँकर नाताळच्या सकाळी फोन करून येत नाही.

आता आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांचा काळ. त्याचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान पडतो, त्यामुळे हा काळ दरवर्षी सारख्या लांबीचा नसतो. नाताळ सोमवारी आला, जसा २०२३ मध्ये आला होता, की चौथा रविवार २४ डिसेंबरलाच येतो. सकाळी आगमनाची उपासना, रात्री नाताळची, आणि मधल्या काही तासांत सगळी सजावट. पुन्हा असा योग २०२८ मध्ये आहे, तेव्हा जे समितीवर असतील त्यांनी दिनदर्शिका आधी पाहावी. आगमनकाळात लावायच्या तीन जांभळ्या, एक गुलाबी आणि एक पांढरी अशा मेणबत्त्या एकदमच आणाव्यात.

गीतफेरीत गाणी बसवण्यापेक्षा घरांची यादी करणे अवघड आहे. पेठेपेठेने मार्ग आखावा, आणि जे आजारपणामुळे किंवा वयामुळे चर्चला येऊ शकत नाहीत त्यांची घरे फेरीच्या सुरुवातीला घ्यावीत, कारण शेवटच्या घरी पोहोचेपर्यंत अकरा वाजतात आणि आजी झोपलेल्या असतात. हीच यादी पाळकांना द्यावी. अशा माणसांना घरी जाऊन प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस, द्यावयाचे असते, तेव्हा पाळकांना तीच उपयोगी पडते. पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या घरांत एखादे तेलुगू गीत म्हटले तर यजमानांचे चेहरे खुलतात, तेव्हा दोन तरी बसवून घ्यावीत. प्रत्येक घरी चहा आणि करंज्यांचे ताट पुढे येते. नाही म्हणणे बरे दिसत नाही, पण दर तिसऱ्या घरी बसायचे आणि बाकीच्या घरी उभ्याने गाऊन, प्रार्थना करून निघायचे, हे घरोघरी आधीच कळवले तर कोणी रुसत नाही. ढोलकी, टाळ आणि हार्मोनियम पुरे आहेत. ध्वनिक्षेपक लावणारच असाल तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहानंतर तो उघड्यावर लावता येत नाही. काही ठरावीक दिवशी बारापर्यंत सवलत असते, पण ती कोणत्या तारखांना आहे हे पोलीस ठाण्यात विचारूनच परवानगी घ्यावी. रुग्णालयाजवळून जाताना मुळीच वाजवू नये.

मुलांच्या नाटकाचे फार मनावर घेऊ नये. बाळ येशूला भेटायला आलेले पूर्वेकडचे मागी, म्हणजे ज्ञानी लोक, किती होते हे मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात लिहिलेले नाही, त्यामुळे पाच मुले हटून बसली तर पाचही घ्यावीत. गोठ्यासाठी कडबा लागतो, आणि डिसेंबरात शाळू अजून शेतात उभा असल्यामुळे मिळतो तो मागच्या हंगामाचा, धुळीने भरलेला. तो आदल्या दिवशी उन्हात झटकून घ्यावा, नाहीतर बाळ येशूच्या गव्हाणीपाशी योसेफ शिंकत राहतो. कडब्याजवळ खरी मेणबत्ती लावू नये. याला कारण विचारू नये.

केकचे डबे बेकरीत भाजायला देणाऱ्यांनी डब्याच्या बुडाला नाव लिहावे, कागद चिकटवू नये, तो भट्टीत जळतो. फराळाबद्दल सांगण्यासारखे काही नाही, आपल्या घरांतून तो सगळ्यांना करता येतो.

प्रीतिभोजनाचा आचारी आणि मंडप नोव्हेंबरातच ठरवावेत, कारण लग्नसराई असते. माणशी शंभर ग्रॅम तांदूळ धरावा आणि मटण न खाणाऱ्यांसाठी वेगळी चूल मांडावी. आणि पाणी. पिण्यासाठी जार मागवले म्हणजे पाण्याची सोय झाली असे समजू नये, ही चूक सर्रास होते. भात शिजायला जेवढे लागते त्याच्या कितीतरी पट पाणी तांदूळ धुणे, मटण धुणे, पातेली घासणे, जेवणाऱ्यांचे हात आणि स्वच्छतागृहे यांत जाते; त्यातही स्वच्छतागृहे आधी कोरडी पडतात आणि ती तक्रार बायकांकडून येते तोवर पंगत अर्धी झालेली असते. टाकीचे झाकण उघडून आत डोकावून पाहावे, बाहेरून थाप मारून अंदाज करू नये. २४ तारखेला संध्याकाळी पाहावे, आणि रात्रीच्या उपासनेनंतर पुन्हा पाहावे, कारण त्या रात्री पाहुणे फार येतात आणि नळ कोणी ना कोणी उघडा सोडतो.

उपासनेच्या दिवशी भाकर आणि द्राक्षरस पाळकांबरोबर मोजून घ्यावेत. नेहमी न येणारेही त्या दिवशी प्रभुभोजनाला येतात. बाप्तिस्मा असेल तर त्याचे पाणी त्या कुटुंबाकडून भरून आणवावे, टाकीवर विसंबू नये. दानाची मोजणी दोघांनी बसून करावी आणि तिथेच सही करावी. ध्वनियंत्रणा आदल्या दिवशी तपासावी, वक्ता व्यासपीठावर आल्यावर नव्हे.

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला चहा पुरेसा आहे, जेवणाचा घाट घालू नये. १ जानेवारीला सकाळी कोणी लवकर येत नाही, वेळ दहाची ठेवावी. तारा ६ जानेवारीनंतर उतरवावा आणि वायर गुंडाळून नीट ठेवावी. मंडपवाल्याची भांडी मात्र २७ डिसेंबरच्या आत मोजून परत करावीत. सिद्धेश्वरांच्या यात्रेची, गड्ड्याची कामे सुरू झाली की तो पुढे संक्रांतीनंतरच हाती लागतो, आणि हरवलेल्या झाऱ्याचे पैसे तोवर समितीच्या नावावर चढलेले असतात.