लग्नाची पत्रिका आली की आधी फाईलचं नाव बघा

मागच्या लग्नसराईत माझ्या मावशीला व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका आली, ती पण ओळखीच्याच नंबरवरून, त्यामुळे शंका यायचा प्रश्नच नव्हता. तिने फाईलवर बोट टेकवलं, फोनने दोन-तीनदा काहीतरी विचारलं, तिने अलाऊ अलाऊ केलं आणि पत्रिका काही उघडली नाही. नेट स्लो असेल म्हणून फोन बाजूला ठेवून ती भाजी निवडायला बसली. रात्री दीडच्या सुमारास खात्यातून तीनदा पैसे गेले, एकही ओटीपी तिला दिसला नाही, आणि सकाळी बघतो तर तिच्या नंबरवरून तीच पत्रिका आम्हा सगळ्यांना आलेली.

ती पत्रिका नव्हतीच, अ‍ॅप होतं. फाईलच्या नावाच्या शेवटी पीडीएफ किंवा जेपीजी असेल तर ते कागद किंवा फोटो, पण शेवटी एपीके असेल तर ते अ‍ॅप, आणि अ‍ॅप कधीही व्हॉट्सअ‍ॅपवरून घ्यायचं नाही, पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी नाही, कारण भावाचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो. हेच आरटीओ चलान, पीएम किसान, बँक केवायसी अशा नावांनी पण फिरतं. अ‍ॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि आपण दिली की ओटीपी परस्पर चोराकडे. म्हणून आजच घरातल्या मोठ्यांचे फोन हातात घ्या, सेटिंग्जमधे अननोन अ‍ॅप्स शोधा आणि तिथे व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाईल मॅनेजर सगळ्यांचं इन्स्टॉल बंद करा, दोन मिनिटांचं काम आहे.

चुकून इन्स्टॉल झालंच तर पहिल्यांदा फोन एरोप्लेन मोडवर टाका, वायफाय पण बंद करा, आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं, कार्ड, यूपीआय ब्लॉक करायला लावा. फोन लगेच रिसेट मारू नका, आधी मेसेज, फाईलचं नाव, नंबर या सगळ्याचे दुसऱ्या फोनने फोटो काढून ठेवा, तक्रारीला लागतात.

दुसरा प्रकार डिजिटल अरेस्ट, आणि याची मला जास्त भीती वाटते कारण यात माणूस स्वतः बँकेत जाऊन एफडी मोडतो. तुमच्या आधारवर सिम निघालंय, मनी लॉन्ड्रिंगची केस आहे असं सांगतात, व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस, मागे पोलीस स्टेशनसारखा सेट, आणि कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, घरात कुणाला बोलायचं नाही. आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही, व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही आणि चौकशीसाठी कुठलाच पोलीस पैसे ट्रान्सफर करायला सांगत नाही. कुणाला सांगू नका म्हटलं की तिथेच फोन कट करायचा आणि शेजारच्यांना हाक मारायची.

बाकीचं थोडक्यात. यूपीआय पिन फक्त पैसे देताना किंवा बॅलन्स बघताना लागतो, पैसे घ्यायला पिन पण नाही आणि क्यूआर स्कॅन पण नाही. फोनवरून कुणी स्क्रीन शेअर करायचं अ‍ॅप टाकायला सांगितलं तर सरळ नाही म्हणा. टेलिग्रामवर लाईक करून पैसे कमवा, शेअरचा गॅरंटीड नफा, हे सुरुवातीला थोडे पैसे खरंच देतात आणि मग मोठी रक्कम अडकवतात. अंगठ्यावर पैसे काढायची सोय वापरत नसाल तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा.

पैसे गेलेच तर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला फोन, आणि लगेच, सोमवारची वाट बघायची नाही. ट्रान्झॅक्शनचा बारा आकडी यूटीआर म्हणजे व्यवहाराचा नंबर, रक्कम, वेळ, तुमचा खाते नंबर हे सगळं जवळ ठेवा. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरवत नेतो, त्याआधी साखळीतल्या खात्यात ते होल्ड झाले तर वाचतात, म्हणून एकेक मिनिट महत्त्वाचं. मग सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन वर सविस्तर तक्रार टाका आणि बँकेला लेखी द्या. आरबीआयने २०१७ मधे परिपत्रक काढून नियम केला, ओटीपी तुम्हीच दिला असला तरी बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी.

आणि कृपा करून घरात फसलेल्या माणसाला ओरडू नका. मावशीला रात्री अडीचलाच पैसे गेल्याचे मेसेज दिसले होते पण काका रागावतील म्हणून ती सकाळपर्यंत गप्प बसली. आम्ही आठला १९३० लावला तेव्हा दोन ट्रान्झॅक्शनचे पैसे होल्ड झाले, कोर्टाची ऑर्डर घेऊन काही महिन्यांनी परत पण मिळाले. तिसरे पहाटेच कुणीतरी एटीएममधून काढले होते.