कॅरव्हॅनचं सामान : यादीआधी वजनकाटा

ब्रिटनमध्ये गाडीमागे कॅरव्हॅन (राहण्याची सोय असलेलं चाकांवरचं घर) ओढत सुट्टीला निघताना जागा उरते, पण वजनाची मर्यादा आधीच संपते. म्हणून सामान किलोत ठरवा.

१. दाराजवळच्या पट्टीवर कमाल वजन (एमटीपीएलएम) असतं. त्यातून माहितीपुस्तिकेतलं रिकाम्या कॅरव्हॅनचं वजन (मायरो) वजा करा. समजा, १३०० वजा ११५०, म्हणजे हातात १५० किलो.

२. मायरोत न धरलेल्या, नंतर बसवलेल्या वस्तू आधी वजा करा. मूव्हर (कॅरव्हॅन गाडीविना हलवणारी मोटर) साधारण ३० किलो, बॅटरी २५, ऑनिंग (कॅरव्हॅनला जोडायचा तंबू) तिच्या दांड्यांसकट २५. उरले फक्त ७०! बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो.

३. बाकीचं सामान पिशव्यांत भरा. बाथरूममधल्या काट्यावर आधी स्वतः, मग पिशवी घेऊन उभे राहा. फरक लिहून ठेवा.

४. बेरीज जास्त झाली तर पाण्यापासून सुरुवात करा. ४० लिटरचा भरलेला पिंप म्हणजे ४० किलो. तो मुक्कामी भरा. तांदूळ-कणीक चार दिवसांपुरतीच घ्या. कुकर मात्र ठेवा, गॅस वाचतो.

जड वस्तू खाली, चाकांच्या आसाजवळ ठेवा. मागच्या टोकाला वजन गेलं की वेगात कॅरव्हॅन डावी-उजवीकडे झुलू लागते. गाडी आणि कॅरव्हॅनच्या जोडावर पडणारा भार भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा, पण टोबारच्या (गाडीमागच्या ओढदांड्याच्या) मर्यादेत.

जास्तीचं सामान गाडीच्या डिकीत ढकलताना गाडीचीही वजनमर्यादा तपासा.